सिंह झाडाखाली, पेंग्विन गाडीखाली

दक्षिण आफ्रिकेच्या ग्रुप टूरची माहिती देणारी सभा बहुतेक वेळा शनिवारी संध्याकाळी भरते. पडद्यावर डावीकडे जांभई देणारा सिंह, उजवीकडे निळाशार समुद्र आणि मधोमध अधिकचं ठसठशीत चिन्ह. एवढं दिसलं की खुर्च्यांवरच्या मंडळींचा कार्यक्रम मनातल्या मनात ठरून जातो. सकाळी सिंह बघायचा, दुपारी जेवून जरा आडवं व्हायचं आणि उन्हं कलली की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभं राहायचं.

मग मागच्या रांगेतले एक काका उठतात. त्यांनी आयुष्यभर रेल्वेचं वेळापत्रक पाठ केलेलं असतं. ते विचारतात, "या जंगलातून केपटाउनला किती वेळ लागतो?" टूर मॅनेजर सांगतो, "विमानाने अडीच तास." "आणि बसने?" टूर मॅनेजर पाणी पितो. क्रूगर नॅशनल पार्क देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, मोझांबिकच्या सीमेला खेटून आहे आणि केपटाउन नैर्ऋत्य कोपऱ्यात. रस्त्याने हे अंतर सुमारे 1,800 किलोमीटर भरतं. ताडोबा आणि गणपतीपुळे एका दमात करायची कल्पना महाराष्ट्रात कुणी काढली, तर घरचे त्याला आधी डॉक्टरांकडे नेतील. पासपोर्टवर शिक्का बसणार असेल तर मात्र हीच कल्पना ‘टू इन वन’ म्हणून पटकन खपते.

अंतराचं एक वेळ विमान बघून घेईल. हवामानाचं काय करायचं? क्रूगरमध्ये पाऊस पडतो उन्हाळ्यात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मार्चमध्ये. केपटाउनमध्ये तो पडतो हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्टमध्ये. प्राणी बघायला उत्तम काळ कोरड्या हिवाळ्याचा. गवत वाळून बसलेलं असतं, डबकी आटलेली असतात आणि तहानलेले प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर आपण होऊन हजेरी लावतात. त्याच दिवसांत केपटाउनमध्ये अटलांटिकवरून एकामागून एक पावसाळी वादळं येत असतात आणि टेबल माउंटनची केबल कार वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असण्याची शक्यताही तेव्हाच असते. डिसेंबरात केपटाउन झळाळून उठतं, तर क्रूगरमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो आणि गवत एवढं वाढतं की त्यात आख्खा सिंह मावतो. जंगल आणि समुद्र दोघंही एकदम खुशीत असतील असा महिना दक्षिण आफ्रिकेच्या पंचांगात नाही.

मराठी कुटुंबाच्या पंचांगात महिने दोनच, मे आणि दिवाळी. मे गाठला तर जंगल उघडायला लागलेलं असतं आणि शहर भिजायला. दिवाळीत दोन्हीकडे बऱ्यापैकी जमून जातं. म्हणून दिवाळीची टूर महाग असते आणि गणपतीच्या आतच भरते.

तयारी सुरू होते ती खाकीपासून. खाकी शर्ट, खाकी पँट, असंख्य खिशांचं खाकी जाकीट आणि गळ्याखाली दोरी बांधायची टोपी. सगळं कुटुंब एकत्र उभं राहिलं की वनखात्याची बदली-यादी लागल्यासारखं दिसतं. क्रूगरमध्ये पोचल्यावर कळतं, की स्थानिक गोरे आजोबा हाफ पँट आणि रबरी चपला घालून स्वतःची गाडी हाकत जंगल हिंडतायत, आणि त्यांच्या पत्नी शेजारच्या सीटवर बसून थर्मासमधली कॉफी ओततायत. इथे माणूस गाडीच्या बाहेर पडतच नाही. त्यामुळे आतल्या शर्टाचा रंग खाकी आहे की पोपटी, याच्याशी सिंहाला काही देणंघेणं नसतं.

क्रूगर आहे मात्र प्रचंड. साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, तोही साडेसतरा हजारांच्या आतच. तेव्हाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या सरकारने 1898 मध्ये इथला एक तुकडा राखीव केला आणि 1926 मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. पुढच्या वर्षी पर्यटकांसाठी दार उघडलं तेव्हा वर्षभरात आल्या अवघ्या तीन मोटारी. आज दिवाळीच्या सुमाराला एखाद्या सिंहिणीभोवती त्याहून कितीतरी जास्त उभ्या असतात. कोण कुणाच्या मध्ये आलं, पुढची गाडी हलत का नाही, यावरून तिथे जी कुजबुज चालते, ती लक्ष्मी रोडवर पार्किंग शोधणाऱ्याला ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की इथे कुणी हॉर्न वाजवत नाही.

आणि नियम! डांबरी रस्त्यावर ताशी 50 किलोमीटर, कच्च्या रस्त्यावर 40. ठरवून दिलेल्या जागा सोडून खाली उतरायचं नाही. खिडकीतून किंवा टपातून धड बाहेर काढायचं नाही. हिवाळ्यात मुक्कामाच्या छावणीचं फाटक सकाळी सहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला लागतं. उशीर झाला तर दंड. छावणीला विजेच्या तारांचं कुंपण असतं, माणसं कुंपणाच्या आत आणि तरस बाहेरून फेऱ्या मारतंय. पिंजऱ्यात कोण आहे, हे पहिल्याच रात्री लहान मुलांच्या लक्षात येतं. मोठ्यांना जरा वेळ लागतो, कारण ते गीझर शोधत असतात.

स्कुकुझा ही इथली मुख्य छावणी. पहिले वॉर्डन जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना स्थानिकांनी दिलेल्या नावावरून तिचं नाव पडलं. 1902 साली हा गृहस्थ नोकरीवर आला आणि त्याने शिकारी, चोरटे अशा सगळ्यांना हुसकून लावलं. आज त्याच जागी पेट्रोल पंप आहे, दुकान आहे, ग्रंथालय आहे, जवळच गवती छपराचं छोटंसं विमानतळ आहे आणि नऊ होलचं गोल्फ मैदानसुद्धा आहे. मैदानाला कुंपण नाही. पाणघोडे आणि रानडुकरं तिथे चरायला येतात, म्हणून खेळण्याआधी काही झालं तर तक्रार नाही अशा कागदावर सही करावी लागते. दोन गल्ल्या जास्त असत्या तर नगरपालिका निघाली असती.

या छावण्यांमध्ये सगळ्यांत जास्त गर्दी कुठे होते? नकाशाच्या फळ्यासमोर. आज कुठे काय दिसलं हे रंगीत टिकल्या लावून सांगायचं, सिंहाची एका रंगाची, बिबट्याची दुसऱ्या. गेंड्यांची जागा मात्र सांगत नाहीत, शिंगांसाठी टपलेले चोरही फळा वाचू शकतात म्हणून. मराठी ग्रुप या फळ्यासमोर उभा राहिला की त्याला बोर्डाच्या निकालाचा दिवस आठवतो. "त्या बंगाली ग्रुपला दोन बिबटे? आणि आपल्याला हरणं?"

हरणं म्हणजे इंपाला. क्रूगरमध्ये त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. पहिला इंपाला दिसतो तेव्हा बस थांबते आणि सगळे उजव्या बाजूला सरकतात. तासाभरात कुणी मान वर करत नाही. पुठ्ठ्यावर काळ्या पट्ट्यांनी इंग्रजी ‘एम’सारखी आकृती असल्यामुळे रेंजर मंडळी इंपालाला जंगलातलं मॅकडोनाल्ड म्हणतात. जागोजागी शाखा, आणि सगळे तिथेच जेवतात. हा विनोद प्रत्येक रेंजर प्रत्येक गाडीला सांगतो, आणि स्वतःही नव्याने हसतो.

‘बिग फाइव्ह’ची भानगड त्याहून वाईट. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जे पाच प्राणी उलट जिवावर उठतात ते यात आले. बंदुका गेल्या, यादी राहिली. आता ती पर्यटकांच्या जिवावर उठते. दोन दिवसांत चार झाले आणि बिबट्या राहिला, की ग्रुपमध्ये एक सुतकी कळा पसरते. जिराफ आला, झेब्रे आले, आकाशातून चित्रातल्यासारखा मार्शल ईगल उतरला, तरी काकू म्हणणार, "ते ठीक आहे हो, पण यादीत नाही ना." बोरिवलीच्या जंगलात बिबटे आहेत, ते आरे कॉलनीतल्या इमारतींच्या कॅमेऱ्यांत फुकट दिसतात, हे अशा वेळी सांगू नये. सांगणाऱ्याला पुढचे चार दिवस खिडकीची जागा मिळत नाही.

वाघाचा प्रश्न निघतोच. वाघ आफ्रिकेत नाही, कधी नव्हता. तरी प्रत्येक बॅचमध्ये एकजण हळू आवाजात विचारतोच, "वाघ कोणत्या दिवशी आहे?" टूर मॅनेजरने हे उत्तर इतक्यांदा दिलेलं असतं की त्याच्या चेहऱ्यावर रेषा हलत नाही. चित्ता मात्र आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये याच देशातून बारा चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला पाठवले गेले. त्यामुळे इथला चित्ता दिसला की त्याच्याकडे व्याह्यांच्या घरच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं जातं.

आणि सिंह? सिंह दिवसाचे 16 ते 20 तास झोपतो. तो दिसतो तो झाडाखाली, पाठमोरा, एक कान हलवत. 2004 मध्ये एका पर्यटकाने क्रूगरमधल्या एका पाणवठ्यावर आठेक मिनिटांचा व्हिडिओ काढला. म्हशीच्या पारडाला सिंहांनी पाण्यात पाडलं, मगरीने दुसरीकडून ओढलं, आणि शेवटी म्हशींच्या कळपाने परत येऊन सिंहांना पळवून लावलं. 2007 मध्ये तो यूट्यूबवर आला आणि जगभर गाजला. त्या आठ मिनिटांनी पुढच्या सगळ्या पर्यटकांचं नुकसान करून ठेवलं आहे. प्रत्येकाला वाटतं, कॅमेरा सुरू केला की म्हशी येतील. म्हशी येत नाहीत. सिंह कूस बदलतो, आणि चाळीस माणसं एका सुरात ‘ओ’ म्हणतात. तरी ज्यांच्याकडे सुट्टी मोजकीच आहे त्यांनी जंगलाचे दिवस कापू नयेत. दीड दिवसाचं क्रूगर म्हणजे झोपलेला सिंह पाहून परत येणं. चौथ्या दिवशी कधीतरी तो उठतो.

इथपर्यंत आल्यावर मंडळी शहरासाठी आसुसलेली असतात. पहाटे उठणं पुरे, मलेरियाच्या गोळ्या पुरे (केपटाउनमध्ये त्यांची गरज नसते, डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स मात्र पुरा करावा लागतो), प्राणी तर पुरेच पुरे. आता गालिचे, कॉफी आणि समुद्र. विमान केपटाउनला उतरतं आणि खरी सफारी सुरू होते.

पहिल्या दिवशी टेबल माउंटन. उंची 1,085 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा बरीच कमी, पण ती थेट समुद्रातून उठते त्यामुळे छाती दडपते. केबल कार 1929 पासून आहे. आताच्या डब्यात 65 माणसं मावतात आणि वर जाता जाता डब्याची जमीन गोल फिरते. त्यामुळे खिडकीवरून भांडण होत नाही, ही स्वित्झर्लंडच्या यंत्रज्ञांनी नकळत मराठी कुटुंबांवर केलेली मोठी मेहेरबानी. वर पोचल्यावर मात्र दगडावर एक गुबगुबीत, सशाएवढा, शेपूट नसलेला प्राणी ऊन खात बसलेला असतो आणि डब्यातून काय निघतंय याकडे बघत असतो. याला डॅसी म्हणतात. जिवंत प्राण्यांत याचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक म्हणजे हत्ती आणि समुद्रातल्या मॅनाटी. क्रूगरमध्ये हत्ती पाहण्यासाठी केवढा आटापिटा केला होता, आणि इथे त्याचा चुलतभाऊ चिप्स मागतोय. देऊ नयेत.

डोंगरावर ढगांची पांढरी चादर पसरते. दंतकथा अशी की व्हॅन हुंक्स नावाचा म्हातारा चाचा आणि सैतान यांच्यात पाइप ओढायची पैज लागली, हा त्यांचाच धूर. खरं कारण आग्नेयेचा वारा. तो समुद्रावरची दमट हवा डोंगरावर चढवतो, ती थंड होऊन तिचा ढग होतो. वारा वाढला की केबल कार बंद. वर असलेल्यांना भोंगा वाजवून खाली बोलावतात.

दुसऱ्या दिवशी सायमन्स टाउन. 1982 मध्ये बोल्डर्स बीचवर पेंग्विनच्या दोन जोड्यांनी बिऱ्हाड थाटलं. आजूबाजूला बंगले होते, बागा होत्या. पेंग्विनांनी त्या आपल्याच समजल्या. रात्री गाढवासारखं ओरडायचं, कुंडीखाली खड्डा खणायचा, अंडी घालायची. बंगलेवाल्यांनी तक्रारी केल्या, मग कुंपणं आली, लाकडी पूल आले आणि तिकीट आलं. तिथल्या पार्किंगमध्ये पाटी आहे: गाडी सुरू करण्याआधी खाली पेंग्विन नाही ना, ते बघा. चार दिवस गाडीतून प्राणी शोधलेली मंडळी इथे गुडघे टेकून गाडीखाली शोधतात. हसण्याचा भाग सोडला तर या पाहुण्याची अवस्था गंभीर आहे. 2024 मध्ये आफ्रिकन पेंग्विनला अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आलं. निसर्गात आता दहा हजारही जोड्या उरलेल्या नाहीत, आणि त्यांच्या तोंडचे सार्डिन-अँकोव्ही मासे माणसांच्या जाळ्यांत जातायत.

याच गावच्या चौकात एका ग्रेट डेन कुत्र्याचा पुतळा आहे. नाव जस्ट न्यूसन्स. हा खलाशांबरोबर लोकलने केपटाउनला फुकट जायचा, आणि टीसी त्याला उतरवायचे. रेल्वेने ताकीद दिली, की दंड भरा नाहीतर कुत्र्याला मारून टाकू. त्यावर 1939 मध्ये ब्रिटिश नौदलाने त्याला रीतसर खलाशी म्हणून भरती करून घेतलं, कारण भरती झालेल्या खलाशाला रेल्वेचा पास मिळतो. नोंदवहीत हुद्दा ‘हाडं फोडणारा’, धर्म ‘उपटसुंभ’. पुढे कुणाला तरी ते बरं वाटलं नाही, तर धर्माच्या रकान्यात कुत्र्यांचा एक खास पंथ काढून लिहिला. 1944 मध्ये गेला तेव्हा लष्करी इतमामाने दफन. डोंबिवलीहून रोज येणारे एक गृहस्थ या पुतळ्यासमोर बराच वेळ हात जोडून उभे राहण्याची शक्यता असते.

तिसरा धडा बबूनचा. केप पॉइंटला जाताना रस्त्यावर बबूनची टोळी बसलेली असते आणि त्यांना गाडीचं दार उघडता येतं. नुसतं ओरबाडून नाही, हँडल धरून. 2010 च्या आसपास फ्रेड नावाचा नर यात एवढा तरबेज झाला होता की तो थांबलेल्या गाड्यांत शिरून पिशव्या रिकाम्या करायचा. माणसांवर हल्ले वाढल्यावर 2011 मध्ये त्याला मारावं लागलं. आता पेंटबॉलच्या बंदुका घेतलेले रखवालदार टोळ्यांना वस्तीबाहेर हाकलतात. सिंहासमोर निर्धास्तपणे खिडकी खाली करणारी मंडळी इथे काचा वर, दारं लॉक, आणि ठेपल्यांचा डबा सीटखाली दडवून बसतात. केप ऑफ गुड होपच्या पाटीसमोर फोटोसाठी रांग लागते. हे आफ्रिकेचं सर्वांत दक्षिण टोक नव्हे, नैर्ऋत्येचं, असं पाटीवरच लिहिलेलं आहे. दक्षिण टोक आगुल्हास, आणखी दीडेकशे किलोमीटर पुढे. तरी "इथे दोन महासागर मिळतात, बघ ती रेषा" असं कुणीतरी दाखवतंच, आणि सगळ्यांना ती दिसतेही.

राहिला समुद्र. ज्याच्यासाठी दुसरी बॅग भरली होती. क्लिफ्टन आणि कॅम्प्स बेची वाळू पांढरीशुभ्र, ऊन लखलखीत, आणि पाणी भर उन्हाळ्यात बारा-पंधरा अंश. दक्षिणेकडून येणारा थंड बेंग्वेला प्रवाह, आणि वर उन्हाळी वारा जो वरचं पाणी लोटून देऊन खालचं गार पाणी वर आणतो. पाऊल घातलेला मराठी माणूस दुसरं पाऊल घालत नाही. दुसऱ्या बाजूचा फॉल्स बे जरा कोमट. तिथे म्युझनबर्गला डोंगरावर बसून शार्क शोधायला पगारी माणसं ठेवलेली आहेत. हिरवा झेंडा म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय, काळा म्हणजे नीट दिसत नाहीये, लाल म्हणजे सावध, आणि शार्कचं चित्र असलेला पांढरा झेंडा आणि भोंगा म्हणजे बाहेर पळा. अलीकडे मोठे पांढरे शार्क इथे फारसे फिरकत नाहीत. पोर्ट आणि स्टारबोर्ड नावाच्या दोन ऑर्कांनी त्यांना धाकात ठेवलं, असं बरेच अभ्यासक मानतात. हे सांगून काकूंना पाण्यात नेता येत नाही.

संध्याकाळी वॉटरफ्रंटवर सगळे सावरतात. धक्क्यावर सील लोळत असतात, त्यांना पाहून आता कुणी कॅमेरा काढत नाही. या शहरात कोकणी मुसलमानांची शंभराहून जास्त वर्षांची वस्ती आहे. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून निघालेली ही कुटुंबं, आणि त्यांच्या बोलीवर केपटाउन विद्यापीठातल्या राजेंद मेस्थ्री यांनी संशोधनही केलं आहे. ग्रुपमधल्या देवरुखच्या आजोबांना हे कळलं की ते टूर मॅनेजरला विचारतात, उद्याच्या कार्यक्रमात तिकडे जाता येईल का. नाही जाता येत. उद्या शहामृगाचं फार्म आहे.

मग मॅनेजर जेवणाच्या टेबलांमधून फिरत उद्याचा आकडा सांगतो. मराठी टूरमध्ये हा आकडा नीट ऐकावा लागतो. "उद्या सहा-सात-आठ." सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. क्रूगरमध्ये चार-पाच-साडेपाच होतं, तेव्हा कुरकुर झाली होती की सिंह झोपलेत आणि आम्हाला उठवता. कुणीतरी विचारतं, शहरात तरी जरा उशिरा निघू या का. मॅनेजर समजावतो, की दुपारी वारा सुटतो, बबून उठतात आणि पार्किंग मिळत नाही. शेवटच्या रात्रीचा आकडा असतो दोन-तीन-चार. परतीचं विमान आदिस अबाबामार्गे आहे, आणि चेक-इनच्या रांगेत मागचे काका पुढच्यांना विचारत असतात की पुढच्या वर्षी केनिया आणि मोंबासा असं आहे म्हणे, तिथला समुद्र तरी कोमट असतो का.